जीटीएक्स १०७० वर रे ट्रेसिंग: नेमकं काय चालू ठेवायचं?

निशाचर

माझ्याकडे एनव्हिडियाचं जीटीएक्स १०७० हे ग्राफिक्स कार्ड आहे, ८ जीबी मेमरीचं. कार्ड २०१६ च्या पिढीतलं, पण अजून ठणठणीत. गेल्या आठवड्यात मेट्रो एक्सोडस (जुनी, मूळ आवृत्ती) पुन्हा खेळायला घेतला आणि सेटिंग चाळताना रे ट्रेसिंगचा, म्हणजे प्रकाशाच्या किरणांचा माग काढून चित्र रंगवण्याचा, पर्याय दिसला. तो निवडताही आला. हे फक्त नंतरच्या आरटीएक्स कार्डवाल्यांचं काम असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

चालू केलं. एका पडक्या घरात शिरलो. खिडकीतून आलेला उजेड जमिनीवर पडून तिथून भिंतीवर चढला होता, आणि खोलीचे कोपरे खरोखर अंधारात होते. पाचेक मिनिटं मी नुसता उभा राहिलो. मग मान वळवली आणि चित्र अडखळत सरकलं. एरवी सेकंदाला साठच्या घरात असणाऱ्या फ्रेम्स वीसच्याही खाली गेल्या होत्या.

तर प्रश्न असा की हा ‘सपोर्ट’ नेमका काय आहे? कार्डात ते हार्डवेअरच नसेल तर चित्र येतं कुठून? आणि सगळं बंद करण्यापेक्षा, यातलं थोडंफार वाचवून खेळता येईल का? नवीन कार्ड घ्या हे उत्तर मला माहीत आहे, कृपया ते सोडून बोला.

त्रिकोण

आधी थोडा इतिहास, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो.

मायक्रोसॉफ्टने डायरेक्टएक्स रेट्रेसिंग, म्हणजे डीएक्सआर, मार्च २०१८ मध्ये जाहीर केलं. तेव्हा आरटीएक्स कार्डं बाजारात आलेलीच नव्हती. डीएक्सआर हे मुळात मागणी करण्याचे नियम आहेत: ‘या बिंदूपासून या दिशेला किरण सोड, कशाला लागला ते सांग.’ ते काम कार्ड कसं करतं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. खास युनिटवर करा नाहीतर चित्राचं नेहमीचं गणित करणाऱ्या साध्या शेडर कोअर्सवर, उत्तर तेच यायला हवं.

सप्टेंबर २०१८ मध्ये आरटीएक्स २०८० आलं, त्यात आरटी कोअर, म्हणजे किरण शोधणारे खास युनिट, होते. नोव्हेंबरात बॅटलफील्ड ५ मध्ये प्रतिबिंबं आली, फेब्रुवारी २०१९ मध्ये तुमचा मेट्रो. आणि ११ एप्रिल २०१९ ला एनव्हिडियाने ४२५.३१ हा ड्रायव्हर काढला. त्यात जीटीएक्स १०६० च्या ६ जीबी मॉडेलपासून वरच्या पास्कल कार्डांना (तुमच्या १०७० ची पिढी), १६६० आणि १६६० टीआयला, आणि टायटन व्ही वगैरेंना डीएक्सआर उघडून दिलं. तुमच्या सेटिंगमधला पर्याय त्या दिवसापासून तिथे आहे.

६ जीबीची अट का, तर दृश्यातले आकार त्रिकोणांचे बनलेले असतात, आणि किरण शोधायला त्या सगळ्या त्रिकोणांची एक वेगळी रचना कार्डाच्या मेमरीत ठेवावी लागते. टेक्श्चर (आकारांवर चढवलेली चित्रं) वगैरे आहेतच, त्यावर हा जादा बोजा. ३ जीबीचं १०६० त्या यादीत नव्हतं.

निशाचर

म्हणजे खास युनिट नाही, साध्या कोअर्सवरच चाललंय. मग माझा हिशेब कुठे चुकतो ते सांगा.

१९२० गुणिले १०८० म्हणजे साधारण २०.७ लाख पिक्सेल. सेकंदाला ६० फ्रेम्स धरल्या आणि दर पिक्सेलला एक किरण, तर १२.४ कोटी किरण. एनव्हिडियाच्याच आकड्यांनुसार १०८० टीआय सेकंदाला १.१ गिगा, म्हणजे ११० कोटी किरण सोडतं. भागाकार केला तर पिक्सेलमागे जवळजवळ नऊ किरण होतात! माझं कार्ड त्याहून हळू आहे, तरी तीन-चार किरण तरी सुटायला हवेत. मेट्रोला पिक्सेलमागे इतके लागत असतील असं वाटत नाही.

शेडरवाली

हिशेब बरोबर आहे. चुकलंय ते सगळे किरण सारखेच मानण्यात. जरा सविस्तर लिहिते, कारण तुमच्या बाकीच्या प्रश्नांचं उत्तरही यातच आहे.

दृश्यात लाखो त्रिकोण असतात. किरण प्रत्येकाशी ताडून बघणं अशक्य, म्हणून ते त्रिकोण खोक्यांत भरतात. मोठ्या खोक्यात लहान खोकी, त्यांत आणखी लहान, अगदी आतल्या खोक्यात मोजके त्रिकोण. याला बीव्हीएच म्हणतात. किरणाने बाहेरचं खोकं चुकवलं की आतलं सगळं एका फटक्यात बाद. लागलं तर आत जायचं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. एका किरणामागे असं कितीतरी वेळा खाली उतरणं आणि मागे फिरणं होतं. हे सगळं शेडरमध्ये, म्हणजे साध्या कोअर्सवर चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, केलं तर एका किरणाला हजारो सूचना लागतात. आरटी कोअर हे उतरणं-चढणं आणि त्रिकोणाशी शेवटची गाठ, दोन्ही स्वतः करतो. शेडर कोअर तेवढ्यात दुसऱ्या कामाला मोकळे राहतात.

आता खरी गोम. एनव्हिडियाच्या कार्डात ३२ धागे (समांतर चालणारी कामं) एका गटात, एकाच पावलावर चालतात. ३२ शेजारच्या पिक्सेलचे किरण कॅमेऱ्यातून सरळ पुढे निघाले तर बहुतेक जण त्याच खोक्यांतून जातात, तीच मेमरी वाचतात, एकत्र पोचतात. ११० कोटीसारखा आकडा असल्या गुणी किरणांनी निघतो. पण मेट्रोमधला उजेड असा नसतो. जमिनीवरच्या प्रत्येक बिंदूपासून किरण भलत्याच दिशेला उडतो. एक छताकडे, एक खिडकीबाहेर आकाशात, एक टेबलाच्या पायाकडे. आकाशात गेलेला लगेच सुटतो. टेबलाच्या पायाशी अडकलेला वीस खोकी उघडत बसतो, आणि उरलेले ३१ त्याच्यासाठी ताटकळतात. मेमरीचं तेच, प्रत्येकाला वेगळ्या कोपऱ्यातलं काहीतरी हवं असतं, त्यामुळे कॅशचा (हाताशी ठेवलेल्या जलद मेमरीचा) उपयोग जवळजवळ संपतो.

शिवाय तुमच्या हिशेबात अख्खं कार्ड फक्त किरण सोडतंय. प्रत्यक्षात त्याच कोअर्सना खेळाचं बाकी चित्र काढायचंय, किरण जिथे लागला तिथला रंग काढायचाय, आणि पिक्सेलमागे एकदोन किरणांतून आलेलं चित्र इतकं दाणेदार असतं की ते गुळगुळीत करणारा डिनॉइझर वेगळा चालवायचाय.

पास्कलची आणखी एक अडचण. बीव्हीएचच्या वाटचालीत पूर्णांकांचं गणित खूप असतं: कुठला पत्ता, पुढचं खोकं कुठलं. पास्कलमध्ये पूर्णांक आणि दशांश एकाच रांगेत उभे राहतात. पुढच्या ट्युरिंग पिढीत दोन्ही एका वेळी चालतात. त्याच पिढीतल्या १६६० टीआयमध्ये आरटी कोअर नाहीत, कोअर्सही फक्त १५३६, तरी डीएक्सआरमध्ये ते आपल्या वजनापेक्षा बरं चालतं, त्याचं हे मोठं कारण.

जुनं ते सोनं

शेडरवाली, प्रतिसाद जपून ठेवला आहे. तरी माझं मत सांगतो: १०७० वर बंद ठेवा. मी १०८० टीआयवर क्वेक २ आरटीएक्स चालवून पाहिला. १९९७ चा खेळ, पण प्रकाशाचा कण न् कण किरणांनी काढलेला. पूर्ण १०८०पी वर विसाच्या आसपास अडखळतो. माझ्या कार्डात ३५८४ कोअर आहेत, तुमच्यात १९२०. ज्या फ्रेम्समध्ये नेम धरता येत नाही त्या फ्रेम्समधलं सौंदर्य मला तरी नको.

कवडसा

इथे मी असहमत आहे, आणि जरा पोटतिडकीने.

मी ग्राफिक्स प्रोग्रॅमिंग शिकतोय, जीटीएक्स १०६० वर. पहिला डीएक्सआर प्रोग्रॅम याच कार्डावर लिहिला: एक खोली, एक भोक, त्यातून आत येणारा कवडसा. सेकंदाला किती फ्रेम्स मिळाल्या हे माझ्यासाठी गौण होतं. बीव्हीएच कसं बांधायचं, किरण लागला की कुठला शेडर बोलवायचा, सगळं एपीआय (प्रोग्रॅमने कार्डाशी बोलण्याचे नियम) मला खऱ्या कार्डावर हात घालून शिकता आलं. तो ड्रायव्हर आला नसता तर मी ते फक्त वाचत बसलो असतो.

१९८० च्या शोधनिबंधात ग्राफिक्स संशोधक टर्नर व्हिटेडने काचेच्या गोळ्यांचं ते प्रसिद्ध चित्र दिलं, तेव्हा व्हॅक्स ११/७८० या संगणकावर त्या एका चित्राला ७४ मिनिटं लागली होती. आरशातलं प्रतिबिंब, काचेतून वाकणारा किरण, सावली, सगळं त्यात होतं. माझं जुनं कार्ड तसलं चित्र सेकंदात कितीतरी वेळा काढतं. ‘हे कार्ड रे ट्रेसिंगच्या लायकीचं नाही’ असं कोणी म्हटलं की मला खरंच वाईट वाटतं. आजच्या खेळांतल्या सगळ्या इफेक्ट्सना ते पुरत नाही, एवढंच खरं आहे.

जुनं ते सोनं

शिकण्याचा मुद्दा मान्य. मी फक्त खेळण्यापुरतं बोलत होतो.

पेंग्विनमित्र

एनव्हिडियाच्या प्रतिस्पर्धी एएमडीची कार्डं वापरणाऱ्यांची बाजू कोणी मांडली नाही म्हणून लिहितो. माझ्याकडे आरएक्स ५७०० एक्सटी आहे, २०१९ चं. त्यात रे ट्रेसिंगचं हार्डवेअर नाही, ते आरएक्स ६००० मालिकेत नोव्हेंबर २०२० ला आलं. विंडोजवर एएमडीने जुन्या कार्डांना डीएक्सआर दिलंच नाही. एनव्हिडियासारखा हळू चालणारा ड्रायव्हरही नाही. पर्याय करडाच राहतो.

लिनक्सवर मात्र वेगळं चित्र आहे. मेसा या मुक्त ड्रायव्हरसंचातल्या, एएमडी कार्डांसाठीच्या आरएडीव्ही ड्रायव्हरमध्ये रे ट्रेसिंग शेडरमधून करवून घेण्याची सोय आहे. आरएडीव्ही_परफटेस्ट या व्हेरिएबलला ‘इम्युलेट_आरटी’ अशी किंमत दिली की जुनं कार्डही व्हल्कनची (डायरेक्टएक्ससारखीच दुसरी ग्राफिक्स व्यवस्था) रे ट्रेसिंग एक्स्टेंशन्स दाखवू लागतं. विंडोजच्या खेळातलं डीएक्सआर व्हीकेडी३डी-प्रोटॉन हे साधन व्हल्कनमध्ये बदलून देतं. मी दोन-तीन खेळ असे उघडून पाहिले. वेग यथातथा, कधी दृश्यात काळे डागही येतात. पण जे कार्ड विंडोजवर खेळाच्या दारातूनच परत फिरतं, ते इथे आत तरी जातं. बनवणाऱ्यांनी रिकाम्या वेळात केलेलं हे काम आहे आणि मला त्याची फार किंमत वाटते.

एक गैरसमजही दूर करतो. हार्डवेअर म्हणजे सगळं एकसारखं हार्डवेअर नव्हे. आरएक्स ६००० मध्ये खोकं आणि त्रिकोण तपासणं खास युनिट करतं, पण कुठल्या खोक्यात पुढे शिरायचं ती वाटचाल शेडरच सांभाळतो. शेडरवालींनी सांगितलेलं ताटकळणं तिथेही काही प्रमाणात आहेच.

सांजवेळ

मला हा धागा दोन वर्षांपूर्वी हवा होता. मी वापरलेलं १६६० टीआय घेतलं तेव्हा विकणाऱ्याने ‘यात रे ट्रेसिंग आहे’ असं छातीठोक सांगितलं, स्क्रीनवर चालू करूनही दाखवलं. खोटं काहीच नव्हतं, म्हणून भांडताही आलं नाही. घरी आल्यावर कळलं की दाखवलेलं दृश्य एका बंद खोलीतलं, स्थिर कॅमेऱ्याचं होतं. मोकळ्या मैदानात गेलं की सगळं कोलमडतं.

वापरलेलं कार्ड घेताना ओळखायचं कसं?

त्रिकोण

जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ॲडव्हान्स्ड टॅबवर जाऊन डायरेक्टएक्स १२ निवडा. तिथे रेट्रेसिंग टियर (पातळी) दिसतो. तुमच्या-निशाचरांच्या कार्डांवर तो १.० दिसेल. आरटीएक्स आणि आरएक्स ६००० पासून पुढे १.१ किंवा जास्त. हा टियर १.१ विंडोज १० च्या ‘२००४’ नावाच्या आवृत्तीबरोबर (हे साल नव्हे) आला आणि त्यात इनलाइन रेट्रेसिंग मिळालं, म्हणजे कुठल्याही शेडरमधून थेट किरण सोडता येतो. पुढे बऱ्याच खेळांनी तेच धरलं. त्यामुळे एनव्हिडियाने दिलेली सोय २०१९ च्या आसपासच्या खेळांना जास्त लागू पडते, नंतरच्यांना कमी.

नवीन खेळांत दोन वाटा झाल्यात. एका वाटेवर हार्डवेअरच सक्तीचं: मेट्रोचीच २०२१ ची एनहान्स्ड एडिशन, २०२४ चा इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल, २०२५ चा डूम: द डार्क एजेस. शेवटच्या दोघांची किमान पातळी आरटीएक्स २०६० सुपर किंवा आरएक्स ६६००. हे बनवणाऱ्यांचा हट्ट म्हणून झालेलं नाही. २०२० च्या कन्सोल्समध्ये ते हार्डवेअर आहे, आणि एकदा ते सगळीकडे धरता आलं की प्रकाश आधी ‘भाजून’, म्हणजे आगाऊ हिशेब करून, फाइलमध्ये साठवण्याचं भलंमोठं काम वाचतं.

दुसरी वाट तुमच्यासाठी. अवतार: फ्रंटियर्स ऑफ पँडोरा, किमान कार्ड जीटीएक्स १०७०. स्टार वॉर्स आउटलॉज, किमान जीटीएक्स १६६०. दोन्हींत रे ट्रेसिंग बंदच करता येत नाही. हार्डवेअर नसेल तर खेळाचं इंजिन स्वतःच्या कॉम्प्युट शेडरने किरण सोडतं. अनेक खेळांत वापरलेल्या अनरियल इंजिन ५ मधलं प्रकाशाचं तंत्र, ल्युमेन, तेही तसंच: सॉफ्टवेअर पद्धतीत ते त्रिकोणांकडे बघतच नाही, डिस्टन्स फील्ड वापरतं.

कवडसा

डिस्टन्स फील्डबद्दल थोडं सांगतो, मला ही कल्पना फार आवडते. अवकाशातल्या प्रत्येक जागी एकच आकडा लिहून ठेवायचा: इथून सगळ्यात जवळचा पृष्ठभाग किती दूर. किरण निघाला, आकडा वाचला, ३ मीटर. म्हणजे ३ मीटर डोळे झाकून पुढे जा, वाटेत काही असूच शकत नाही. पुन्हा वाचा, अर्धा मीटर. पुन्हा, दोन सेंटिमीटर. लागला. ना खोक्यांचं झाड, ना मागे फिरणं. नुसतं टेक्श्चर वाचायचं आणि पुढे सरकायचं, आणि टेक्श्चर वाचण्यात जुनी कार्डं तरबेज आहेत. बारीक आकार हरवतात, आरशासारखं प्रतिबिंब यातून चांगलं येत नाही, पण भिंतीवरून परतलेल्या मंद उजेडाला तेवढं पुरतं.

निशाचर

म्हणजे जुन्या कार्डाच्या ताकदीकडे बघून लिहिलेलं रे ट्रेसिंग चालतं आणि आरटी कोअर गृहीत धरून लिहिलेलं रखडतं. आता पटलं. पण माझ्याकडचे खेळ मेट्रो, शॅडो ऑफ द टूम रेडर आणि बॅटलफील्ड ५ हेच आहेत. तिथे काय करू?

शेडरवाली

प्रत्येक खेळात किरण कशासाठी वापरलेत ते बघा, ‘ऑन-ऑफ’कडे नको.

टूम रेडरमध्ये सावल्या आहेत, आणि सावलीचा किरण सगळ्यात स्वस्त. दिव्याकडे एक किरण सोडायचा, मध्ये काहीही आडवं आलं की शोध तिथेच थांबवायचा. सगळ्यात जवळचं कोण, त्याचा रंग काय, काही विचारायचं नाही. शिवाय शेजारच्या पिक्सेलचे किरण एकाच दिव्याकडे जातात, त्यामुळे ते ३२ जण बऱ्यापैकी एकत्र चालतात. सेटिंग मीडियमवर ठेवा. तिथे मेणबत्त्या, बल्ब असल्या लहान दिव्यांच्या सावल्याच किरणांनी होतात, सूर्याची सावली नेहमीच्या शॅडो मॅपने (प्रकाशाच्या बाजूने काढलेल्या अंतरांच्या नकाशाने). सुरुवातीच्या मेक्सिकोतल्या रात्रीच्या गर्दीत फरक डोळ्यांत भरेल: माणूस दिव्याजवळ असला की सावली ठसठशीत, दूर गेला की कडा विरघळतात. घनदाट जंगलात मात्र जपा. पानं म्हणजे भोकं पाडलेली टेक्श्चरं, किरण लागल्यावर ‘इथे पान आहे की भोक’ हे दर वेळी शेडरला विचारावं लागतं. त्या खेळात एक्सईएसएसही (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करणारं इंटेलचं तंत्र) आहे आणि त्याची सर्वसाधारण आवृत्ती पास्कलवर चालते. डीएलएसएस (एनव्हिडियाचं तसलंच तंत्र) नाही चालणार, त्याला टेन्सर कोअर हे वेगळे युनिट लागतात.

बॅटलफील्डमध्ये प्रतिबिंबं. लो वर फक्त अगदी गुळगुळीत पृष्ठभागांना किरण मिळतात: पाणी, काच, चकचकीत गाडी. अनेक खेळाडूंच्या सामन्यात बंद ठेवा, एकट्याच्या मोहिमेत लो वर बघा.

मेट्रो सगळ्यात जड, कारण वर सांगितलेले सैरभैर किरण. अल्ट्राऐवजी हाय करा, शेडिंग रेट (किती बारकाईने रंग काढायचे ते) खाली आणा, रिझोल्यूशनही एक पायरी कमी. तरी तो लढाईत टिकेल असं मी म्हणणार नाही.

त्रिकोण

एक भर. ज्यांच्याकडे पास्कल आहे त्यांनी ध्यानात घ्या की ५८० ही या कार्डांसाठीची शेवटची ड्रायव्हर शाखा. नवीन खेळांसाठीचे गेम रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पर्यंतच होते, पुढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत दर तिमाहीला फक्त सुरक्षेचे अपडेट. जुन्या खेळांतलं डीएक्सआर चालत राहील. नव्यांत काही बिघडलं तर त्यावर दुरुस्ती येईल अशी आशा धरू नका.

निशाचर

तीन रात्री बसून सगळं करून पाहिलं, कळवतो.

टूम रेडर मीडियम सावल्या आणि एक्सईएसएस लावून मजेत खेळता येतोय. गर्दीत चाळिशीच्या आसपास, पण अडखळत नाही. शेडरवालींनी सांगितलेल्या विरघळणाऱ्या कडा मला पहिल्याच बाजारात दिसल्या, आणि आता त्या नसल्या की चुकल्यासारखं होतं. बॅटलफील्डमध्ये बंद केलं. प्रतिबिंबं सुरेख आहेत, पण धावताना माझं लक्षच जात नाही.

मेट्रो साधा खेळतोय, फक्त जिथे उजेड बघावासा वाटतो तिथे सेव्ह करून ठेवतो. रात्री झोपण्यापूर्वी रे ट्रेसिंग अल्ट्रावर चालू करून त्या जागी परत जातो आणि फोटो मोडमध्ये चित्र घेतो. तिथे फ्रेम्स दहा असल्या तरी बिघडत नाही. त्याच पडक्या घराची दोन चित्रं शेजारी ठेवून पाहिली. बंद असताना टेबलाची खालची बाजू जवळजवळ वरच्याइतकीच उजळ होती. चालू असताना टेबलाखाली काळोख आहे, फक्त खिडकीकडच्या पायाला जमिनीवरून उडालेला पिवळसर उजेड लागलाय.

कवडसा

त्याच पायाच्या मागे भिंतीवर बघा, अगदी फिकट तांबूस छटा असेल. जमिनीवर गालिचा असेल तर त्याचा रंग तिथे चढलेला असतो.

निशाचर

आहे. गालिचा लाल आहे.